दिवा कोणाच्या तेलाचा?

कधी कधी रमजान आणि मार्चअखेर जवळजवळ येतात. ऑफिसात बिलांचे गठ्ठे सहीसाठी येऊ लागतात. प्रवासभत्त्याच्या एखाद्या खोट्या बिलावर साहेबांनी सही नाकारली, की दुसऱ्या दिवसापासून चहाला त्यांना कोणी हाक मारत नाही. ‘आम्हालाच कायदा शिकवतात,’ अशी कुजबुज मात्र ऐकू येते.

असे एकटेपण खलिफा हजरत उमर बिन अब्दुल अझीज यांनीही सोसले. इ. स. 717 मध्ये ते दमास्कसच्या गादीवर आले. त्यांच्याच उमय्या घराण्यातील अनेकांनी लोकांच्या आणि सरकारच्या जमिनी बळकावल्या होत्या. त्या परत करायचे त्यांनी ठरवले, पण सुरुवात स्वतःपासून केली. आपल्या वाट्याच्या जहागिरी सोडल्या. पत्नी फातिमा यांनी माहेरचे मौल्यवान दागिने बैतुल मालमध्ये, म्हणजे सरकारी खजिन्यात जमा केले. मग भाऊबंदांची पाळी आली. घराणे संतापले, पण ‘आधी तुमचे बघा’ असे म्हणायला कोणालाही जागा उरली नव्हती.

त्यांची दिव्याची गोष्ट अनेकांनी ऐकली असेल. राज्याचे काम संपून घरचे बोलणे सुरू झाले, की ते सरकारी तेलाचा दिवा विझवून स्वतःचा लावत, असे सांगतात.

त्यांचा तरुण मुलगा अब्दुल मलिक उतावीळ होता. सगळे एकदम का बदलत नाही, असे त्याने विचारले. सत्य एकदम लादले तर लोक ते एकदमच झुगारून देतील, अशी भीती वडिलांनी बोलून दाखवली. प्रामाणिक माणसाला धीरही लागतो, तो असा.

जेमतेम अडीच वर्षे राज्य करून 720 मध्ये ते वारले. पुढच्या खलिफाने त्यांचे बरेच निर्णय फिरवले. म्हणजे सचोटीचे फळ हयातीत मिळतेच असे नाही.

रोजाही असाच असतो. बंद खोलीत माठातले पाणी प्यायलो तर कोणाला कळणार? तरीही रोजेदार पीत नाही. तहान सोसायची ही सवय सहीच्या टेबलापर्यंत पोहोचली पाहिजे. नकार द्यावा, पण आवाज चढवू नये. आणि नकार देण्याआधी एकदा स्वतःचे बिल तपासून पाहावे. चहाला हाक आली नाही, तर आपणच दोन कप घेऊन त्या सहकाऱ्याच्या टेबलापाशी जावे. रोजा असेल, तर त्याला इफ्तारला बोलवावे.