काट्याचा मीटर, आकड्याचा मीटर

शाळेचे वर्ष संपत आले की जडवस्तुसंग्रह नोंदवही बाहेर निघते. प्रयोगशाळेतील एकेका वस्तूची तपासणी होते. जी मोडली, जी जुनी झाली, जिचे काय करायचे ते कोणालाच नीट ठाऊक नाही, ती निर्लेखनाच्या यादीत जाते. काळ्या बेकेलाइटच्या खोक्यातला, काचेआड काटा असलेला मल्टीमीटर अशा यादीत सहज सापडतो. त्याच्या जागी दोन-तीनशे रुपयांचा डिजिटल मीटर आलेला असतो. तो खिशात मावतो, थेट आकडा दाखवतो, मोजपट्टी वाचण्याची कटकट नाही. मग जुना ठेवायचा कशाला?

प्रश्न रास्त आहे. परंतु सही करण्यापूर्वी या जुन्या उपकरणात काय चालते, ते आपण समजून घेऊ. मोजणे म्हणजे काय, हा विज्ञान शिक्षणातला मूलभूत प्रश्न त्यातून जितका स्पष्ट होतो, तितका नव्या उपकरणातून होत नाही, असे आम्हांला वाटते.

एक कुंडल, तीन कामे

काट्याच्या मीटरचे हृदय म्हणजे चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये टांगलेले बारीक तांब्याच्या तारेचे कुंडल. कुंडलातून विद्युतधारा वाहिली की त्यावर पीळ बसतो आणि ते फिरू लागते. केसासारखी बारीक कमान त्याला मागे खेचते. दोन्ही पीळ सारखे झाले की काटा थांबतो. ध्रुवांची टोके गोलाकार कापलेली असतात आणि मध्ये लोखंडाचा दंडगोल बसवलेला असतो. त्यामुळे कुंडल कोठेही असले तरी त्याला चुंबकीय क्षेत्र सारखेच मिळते. धारा दुप्पट झाली की काटाही दुप्पट सरकतो, म्हणून मोजपट्टीवरील खुणा समान अंतरावर असतात.

या रचनेचा गॅल्व्हानोमीटर फ्रान्समध्ये दार्सोंव्हाल आणि देप्रे यांनी १८८२ मध्ये तयार केला. टोकदार आसांवर बसवलेले कुंडल आणि कमानी वापरून एडवर्ड वेस्टन यांनी १८८८ मध्ये अमेरिकेत त्याला हातात नेता येईल असे रूप दिले. आपल्या शाळेतील अॅमीटर, व्होल्टमीटर आणि गॅल्व्हानोमीटर हे तिघेही त्याच घराण्यातले.

या तिघांना एका खोक्यात आणण्याचे काम ब्रिटिश पोस्ट खात्यातील डोनाल्ड मॅकेडी या अभियंत्याने केले. तारायंत्राच्या आणि टेलिफोनच्या दुरुस्तीसाठी वेगवेगळी उपकरणे वागवावी लागत, त्याला कंटाळून त्यांनी एकच मीटर आणि त्यावर फिरता स्विच अशी रचना केली. १९२३ मध्ये हा मीटर बाजारात आला. अँपिअर, व्होल्ट आणि ओहम यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले ‘अॅव्होमीटर’. त्याच्या पुढच्या आवृत्त्या २००८ पर्यंत तयार होत होत्या. एका मोजमाप उपकरणाला ८५ वर्षांचे आयुष्य लाभावे, ही साधी गोष्ट नाही. आपल्याकडे नाशिकच्या मोटवाने कंपनीनेही काट्याचे मल्टीमीटर बनवले.

स्विच फिरवल्यावर आत काय बदलते? फक्त रोध. समजा, ५० मायक्रोअँपिअर धारेला काटा पूर्ण फिरतो. १० व्होल्टच्या कक्षेत एकूण रोध किती हवा? ओहमच्या नियमाने १० भागिले ०.००००५, म्हणजे २,००,००० ओहम. कुंडलाचा स्वतःचा रोध २,००० ओहम असेल तर १,९८,००० ओहमचा रोध त्याच्याशी एकसर जोडायचा. धारा मोजायची असेल तर लहान रोध समांतर जोडायचा. रोध मोजायचा असेल तर आतल्या घटाची मदत घ्यायची. नववी-दहावीच्या पुस्तकातले एकसर व समांतर जोडणीचे धडे येथे प्रत्यक्ष कामाला आलेले दिसतात.

ओहमची पट्टी मात्र उलटी आणि विषम असते. शून्य उजवीकडे, अनंत डावीकडे. कारण बाहेरचा रोध शून्य असताना धारा सर्वांत जास्त असते. बाहेरचा रोध मीटरच्या आतील एकूण रोधाइतका झाला की धारा निम्मी होते आणि काटा मध्यावर येतो. तिप्पट झाला की काटा पाव भागावर. ही पट्टी विद्यार्थ्यांना आधी गणिताने आखायला लावावी आणि मग मीटरवरील पट्टीशी ताडून पाहावी.

मीटर मंडलात ढवळाढवळ करतो

मीटरच्या तबकडीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘२०,००० ओहम प्रति व्होल्ट’ असे काहीसे लिहिलेले असते. या एका ओळीसाठी जुना मीटर जपून ठेवावा, असे आम्ही म्हणू. तिचा अर्थ प्रयोगानेच पाहू.

साहित्य : ९ व्होल्टची बॅटरी आणि १०० किलोओहमचे दोन रोध. दोन्ही रोध एकसर जोडून बॅटरीला लावा. प्रत्येकाच्या टोकांतील विभवांतर किती? वर्गातला कोणीही सांगेल, ४.५ व्होल्ट. आता त्यांतील एका रोधाला समांतर मीटर लावा. बॅटरी बरोबर ९ व्होल्टची आहे असे धरले, तर असे दिसेल :

१,००० ओहम प्रति व्होल्टचा मीटर, १० व्होल्टची कक्षा : ०.७५ व्होल्ट
२०,००० ओहम प्रति व्होल्टचा मीटर, १० व्होल्टची कक्षा : ३.६ व्होल्ट
तोच मीटर, ५० व्होल्टची कक्षा : सुमारे ४.३ व्होल्ट
१ कोटी ओहम अंतर्गत रोधाचा डिजिटल मीटर : ४.४८ व्होल्ट

चारांपैकी एकही मीटर बिघडलेला नाही. आपल्या टोकांमध्ये जे विभवांतर आहे, तेच प्रत्येक जण सांगतो. पण मीटर लावला की तो स्वतःच मंडलाचा भाग होतो. दुसऱ्या ओळीचे गणित करून पाहा. १० व्होल्टच्या कक्षेत मीटरचा रोध २०० किलोओहम. तो १०० किलोओहमला समांतर जोडला की परिणामी रोध ६६.७ किलोओहम. तो दुसऱ्या १०० किलोओहमशी एकसर, म्हणून त्याच्या वाट्याला ९ व्होल्टपैकी ३.६ व्होल्ट.

दुसरी आणि तिसरी ओळ एकत्र वाचली तर आणखी एक गंमत कळते. मीटर तोच, मंडल तेच, फक्त कक्षा बदलली आणि उत्तर बदलले. म्हणजे काट्याचा मीटर आपली ढवळाढवळ स्वतःच कबूल करतो! दोन कक्षांत दोन उत्तरे आली की समजावे, मीटर मंडलावर भार टाकतो आहे.

जुन्या रेडिओच्या दुरुस्ती-पुस्तिकांत ठिकठिकाणची विभवांतरे दिलेली असत आणि ती किती ओहम प्रति व्होल्टच्या मीटरने मोजली आहेत, हेही अनेकदा छापलेले असे. आज कोणी ती डिजिटल मीटरने मोजली तर काही ठिकाणी जास्त भरतात आणि रेडिओत नसलेला बिघाड शोधण्यात दिवस जातो. मोजमापाबरोबर मोजण्याची रीत का नोंदवायची, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

व्हॉल्व्हपासून आकड्यापर्यंत

भार कमी करण्याचा एक मार्ग निर्वात नलिकेने, म्हणजे व्हॉल्व्हने, दिला. व्हॉल्व्हच्या जाळीत जवळजवळ धारा जात नाही. तिच्यावर विभवांतर लावायचे आणि काटा हलवण्याची शक्ती व्हॉल्व्हने वीजपुरवठ्यातून घ्यायची. टेबलावर ठेवण्याच्या अशा अनेक व्होल्टमीटरांचा अंतर्गत रोध १ कोटी १० लाख ओहम होता, आणि कोणत्याही कक्षेत तेवढाच. चालू केल्यावर थोडा वेळ तापू द्यावे लागे आणि शून्य पुनःपुन्हा जुळवावे लागे, ही त्याची किंमत.

त्या काळातील दुसरे एक उपकरण शिक्षकांना सांगण्याजोगे आहे. १९३९ मध्ये हेवलेट आणि पॅकार्ड यांनी कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे एका गॅरेजमधून ध्वनि-आंदोलक विकायला सुरुवात केली. त्याचा एक प्रकार वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओने ‘फँटेझिया’ चित्रपटाच्या ध्वनियंत्रणेसाठी घेतला. आंदोलन फार वाढले तर त्याचा आकार बिघडतो, कमी झाले तर ते विझते. हेवलेट यांनी ते स्थिर ठेवण्याचे काम साध्या लहान दिव्यावर सोपवले. आंदोलन वाढले की दिव्याची तार तापते, तिचा रोध वाढतो आणि वाढ आपोआप रोखली जाते. दिव्याचा हा गुण वर्गात दाखवता येतो. २३० व्होल्ट, १०० वॅटच्या तारेच्या दिव्याचा पेटलेला असतानाचा रोध गणिताने ५२९ ओहम येतो. दिवा होल्डरमधून काढून, थंड असताना मीटरने मोजा. तो ४० ओहमच्या आसपास भरेल.

आकडा दाखवणारे व्होल्टमीटर १९५० च्या दशकात आले. अँड्र्यू के यांच्या नॉन-लिनियर सिस्टिम्स या कंपनीचे पहिले मीटर टेलिफोन केंद्रात असतात तशा पायरी-पायरीने फिरणाऱ्या स्विचांवर चालत. पुढे निऑन वायूच्या नळीत तारेचे अंक उजळणारे मीटर आले, मग लाल प्रकाशाचे, मग द्रव स्फटिकांचे.

डिजिटल मीटरमध्ये पुष्कळदा वापरली जाणारी युक्ती अशी आहे. एक अनोळखी नळ बादलीत १० सेकंद सोडला. मग प्रवाह ठाऊक असलेल्या तोटीने बादली रिकामी केली, तिला २५ सेकंद लागले. म्हणजे अनोळखी नळाचा प्रवाह तोटीच्या अडीचपट. बादली केवढी, हे माहीत असण्याची गरजच पडली नाही! मीटरमध्ये बादलीच्या जागी धारित्र असते, तोटीच्या जागी संदर्भ विभवांतर आणि सेकंद मोजायला आंदोलक. भरण्याचा काळ २० मिलिसेकंदांच्या पटीत ठेवला की ५० हर्ट्झ विजेचा उपद्रवही जातो, कारण तिचा धन आणि ऋण भाग एकमेकांना पुसून टाकतात.

आकडा किती खरा?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. डिजिटल मीटर ४.२९ असा आकडा दाखवतो तेव्हा विद्यार्थी तिन्ही अंक वहीत उतरवतो. पण बाजारातील अगदी स्वस्त डिजिटल मीटरांपैकी काहींचा अंतर्गत रोध १ कोटी नव्हे, केवळ १० लाख ओहम असतो. वरच्या प्रयोगात असा मीटर ४.५ ऐवजी ४.२९ दाखवेल. म्हणजे काट्याच्या मीटरने ५० व्होल्टच्या कक्षेत केली तेवढीच चूक, पण दोन दशांश स्थळांच्या रुबाबात! शिवाय कक्षा बदलली तरी आकडा सहसा तोच राहतो, त्यामुळे संशयही येत नाही.

आपला मीटर कोणत्या जातीचा, हे ओळखणे सोपे आहे. वरील प्रयोगात १०० किलोओहमऐवजी १० लाख ओहमचे दोन रोध घ्या. मीटरने ४.३ च्या आसपास दाखवले तर त्याचा रोध १ कोटी ओहम आहे. ३ दाखवले तर १० लाख.

काट्याकडे आणखी एक गुण आहे. बदल तो डोळ्यांना दाखवतो. ओहमच्या मोठ्या कक्षेत १०० मायक्रोफॅरडचे रिकामे धारित्र ध्रुव पाहून लावा. काटा उसळी घेतो आणि हळूहळू परततो. धारित्र भरते म्हणजे काय, हे त्या परतीत दिसते. आकड्याच्या मीटरवर नुसते अंक पळतात. येथे एक सूचना : काट्याच्या बऱ्याच मीटरांत ओहमच्या कक्षेत काळी तार धन असते. डायोड तपासताना ही गोष्ट आधी पडताळून घ्यावी.

काही मीटरांच्या मोजपट्टीखाली आरशाची पट्टी असते. काटा आणि त्याचे प्रतिबिंब एकमेकांवर आले की डोळा बरोबर समोर आहे आणि पराशय दोष टळला, असे समजायचे.

ठेवताना घ्यायची काळजी

जुना मीटर घरगुती विजेच्या मंडलावर विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये. त्याच्या तारांचे आवरण तडकलेले असू शकते आणि आजच्या सुरक्षा मानकांचा विचार त्यात नसतो. बॅटरीवरचे प्रयोग पुरेसे आहेत. आतले घट पाझरले असतील तर काढून टाकावेत. व्हॉल्व्हची उपकरणे विजेवर चालतात, त्यांत शेकडो व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही धारित्रांत भार राहतो. ती जाणकाराने तपासल्याशिवाय चालू करू नयेत. लष्करी बनावटीच्या काही जुन्या मीटरांच्या तबकडीवर रेडियमयुक्त रंग असतो. असा संशय आल्यास काच उघडू नये.

मीटर बरोबर आहे का, हे पाहण्यासाठी कोरडा घट दोन्ही मीटरांनी मोजावा. घटाचा अंतर्गत रोध अगदी कमी असल्याने येथे भाराचा प्रश्न येत नाही. दोघांचे जुळले तर काट्याचा मीटर निरोगी आहे.

निर्लेखनाच्या यादीतून असा मीटर वगळायचा असेल तर शेऱ्याच्या रकान्यात ‘जुना’ असे न लिहिता ‘अंतर्गत रोधाच्या प्रयोगासाठी आवश्यक’ असे लिहावे, असे आम्ही सुचवतो. आणि पुढच्या वर्षी तो प्रयोग खरोखर घ्यावा. १०० किलोओहमचे दोन रोध काही रुपयांत मिळतात.