हेलिकॉप्टरचं लायसन्स मिळालं, म्हणजे पायलट तयार झाला का?

निवडणुका आल्या की तालुक्याच्या गावातही हेलिकॉप्टर उतरतं. मैदानावर चुन्याने ‘एच’ काढला जातो, पाण्याचा टँकर फिरतो, पोरं बघायला पळतात. त्यातल्या एखाद्याला पायलट व्हायचं असतं. पण खासगी संस्थेतलं प्रशिक्षण प्रत्यक्ष उड्डाणाला पुरतं का? फी भरण्याआधी हे समजून घेतलेलं बरं.

शाळेत काय शिकवतात?

भारतातली मुलंही शिकायला जातात त्या अमेरिकेत खासगी लायसन्ससाठी किमान ४० तास उड्डाण लागतं. या लायसन्सवर हौसेने उडवता येतं, पगार घेऊन नाही. व्यावसायिक लायसन्सला किमान १५० तास लागतात. सराव बहुतेक रॉबिन्सन आर-२२ सारख्या दोन सीटच्या हलक्या हेलिकॉप्टरवर आणि चांगल्या हवेत होतो. हवेत एका जागी स्थिर राहणं, चढणं-उतरणं आणि इंजिन बंद पडलं तर पंख्याच्या फिरत्या गतीवर खाली उतरणं (ऑटोरोटेशन) हे तिथे पक्कं करून घेतात. हा पाया गरजेचाच आहे.

बाहेर काय भेटतं?

आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन घ्या. तापलेली हवा विरळ होते, त्यामुळे पंख्याला उचल कमी मिळते आणि इंजिनचीही ताकद घटते. सकाळी सहज उचललेलं वजन दुपारी जड जातं. उतरताना धुरळा उडाला की जमीनच दिसेनाशी होते. विजेच्या बारीक तारा तर वरून दिसतच नाहीत, म्हणून अनुभवी पायलट आधी खांब शोधतो.

लातूर जिल्ह्यातील निलंग्यात २५ मे २०१७ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उड्डाणानंतर लगेच खाली आलं आणि तारांना अडकून कोसळलं. सुदैवाने सगळे बचावले.

नुसते तासही पुरत नाहीत

२६ जानेवारी २०२० रोजी अमेरिकेत बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट यांच्यासह ९ जण हेलिकॉप्टर अपघातात गेले. पायलटकडे ८ हजारांहून जास्त तासांचा अनुभव होता. तरी तो ढगात शिरला आणि वर-खालीचं भान हरपलं, असं तपासात निघालं. ठरलेली फेरी पूर्ण करायचीच, हा पायलटने स्वतःवरच घेतलेला ताणही त्यामागे असावा, असं तपास यंत्रणेने नोंदवलं.

म्हणजे लायसन्स ही सुरुवात झाली. पुढची काही वर्षं अनुभवी कॅप्टनच्या शेजारी बसून शिकावं लागतं. मशीन चालवणं शाळेत येतं. पण मोठा माणूस मागे बसलेला असताना ‘आज उडायचं नाही साहेब’ म्हणण्याची हिंमत त्या शेजारच्या सीटवरच येते.

त्यामुळे प्रवेश घेताना फक्त तास आणि फी विचारू नका. वारा, उष्णता आणि अरुंद जागेतला सराव किती होतो, ऑटोरोटेशन किती वेळा करून घेतात आणि हवामान बिघडल्यावर माघारी फिरायला शिकवतात का, हेही विचारा.