वृद्ध श्वानाची सांधेदुखी व त्याची शुश्रूषा

लोणार तालुक्यांतील बीबी या आमच्या गांवीं ज्याच्या अंगणांत कुत्रा नाहीं असा शेतकरी क्वचितच आढळेल. पिकाची राखण करावी, रात्रीं परक्याची चाहूल लागतांच घर जागें करावें आणि दिवसा मुलांच्या खेळांत धांवावें, हीं त्याचीं कामें. वय झाल्यावर तोच कुत्रा कोपऱ्यांत पडून राहूं लागला म्हणजे ‘म्हातारा झाला बिचारा’ एवढें बोलून आपण मोकळे होतों. आमच्या घरींही असेंच झालें. आमचा मोत्या दहाव्या वर्षापर्यंत आमच्या मागें शेतापर्यंत धांवत येई. पुढें तो अर्ध्या वाटेवरून परतूं लागला. मग ओट्याची पायरी चढेनासा झाला. आणि एके दिवशीं धाकट्या मुलानें पाठीवर हात टाकतांच तो त्याच्यावर गुरगुरला. ‘हा आतां चावणार, लांब नेऊन सोडा,’ असा सल्ला घरांतूनच मिळाला. सोडण्यापूर्वीं एकदां दाखवावा म्हणून त्याला पशुवैद्यांकडे नेलें. त्यांनीं त्याचे मागचे पाय हळूच वांकवून पाहिले आणि सांगितलें कीं, हा राग नव्हे, दुखणें आहे.

दोन हाडें जेथें मिळतात तेथें त्यांच्या टोकांवर कूर्चा नांवाचें गुळगुळीत व चिवट आवरण असतें, आणि मध्यें वंगणासारखा द्रव असतो. बैलगाडीच्या आंसाला वंगण मिळालें नाहीं म्हणजे चाक कसें कुरकुरतें हें ट्रॅक्टरच्या या दिवसांतही आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असेल. फरक इतकाच कीं, गाडीला नवा आंस बसवितां येतो; कूर्चेंत रक्तवाहिन्या नसल्यामुळें ती एकदां झिजली म्हणजे फारशी भरून येत नाहीं. मग सांध्याचें वेष्टन सुजतें, हाडांच्या कडांना उंचवटे फुटतात आणि प्रत्येक हालचाल दुखरी होते. दुखतें म्हणून कुत्रा पाय कमी वापरतो. न वापरल्यानें स्नायू रोडावतात. स्नायू रोडावले म्हणजे सांध्यास आधार उरत नाहीं व तो अधिकच दुखतो. खुब्याचा सांधा वाढीच्या वयांत नीट न बसणें, किंवा पूर्वीं वाहनाची धडक लागून हाड मोडलेलें असणें, हीं या विकाराचीं नेहमींचीं कारणें होत.

कुत्रा या वेदनेनें क्वचितच विव्हळतो, हीच मोठी अडचण आहे. निजून उठतांना तो आधीं पुढचे पाय ताठ करून अंग वर ओढतो; पहिलीं दहावीस पावलें अडखळतो व नंतर थोडा मोकळा होतो; एकच सांधा वारंवार चाटतो; नखें झिजत नाहींत म्हणून लांब वाढतात. हीं लक्षणें मुलांच्याच डोळ्यांस आधीं दिसतात, कारण मोठ्यांपेक्षां त्यांचा वेळ कुत्र्याजवळ अधिक जातो.

पहिला उपचार घरच्या भुईचा. पूर्वीं शेणानें सारवलेल्या जमिनीवर पाय रोवले जात. आतां घरोघरीं चकचकीत फरशी आली, आणि माणसांस जी शोभा तीच या जनावरास घसरगुंडी झाली. मोत्याच्या निजण्याच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आम्हीं गोणपाटाची पट्टी अंथरली, ओट्याला गोणपाट ठोकलेली फळी उतरती लावली आणि भांडें वीतभर उंच ठेवलें. खर्च जवळजवळ शून्य. पण त्याच आठवड्यांत तो आपण होऊन अंगणांत जाऊं लागला. अंथरूण जाड असावें. कपाशीच्या या मुलखांत जुन्या गादीची वाण पडूं नये. पौषांतील रात्रीं तें वाऱ्याच्या वाटेवर नसावें. उन्हाळ्यांत मात्र त्यास गार जागा निवडूं द्यावी. पावसाळ्यांत आमच्या काळ्या मातीचे गोळे बोटांच्या बेचक्यांत अडकून बसतात. ते कोमट पाण्यानें काढून पाय कोरडे करावेत. थंडींत कोमट फडक्यानें दहा मिनिटें शेकल्यास आराम पडतो. फडकें आधीं आपल्या मनगटावर लावून पाहावें. सांधा गरम व सुजलेला असल्यास शेकूं नये.

फिरविणें बंद करणें ही चूक आहे, आणि रविवारीं सुटी आहे म्हणून लांब नेणें ही त्याहून मोठी. रोज तीन वेळां, थोडें थोडें, त्याच्या चालीनें चालवावें. मागचे पाय फारच अशक्त असतील तर पोटाखालून जुनें उपरणें घालून अलगद उचलून धरावें.

अन्नाविषयीं आपल्या घरांत दया फार आणि विचार थोडा. म्हाताऱ्यास तूपपोळी द्यावी असें वाटतें; पण वाढलेला प्रत्येक शेर त्याच्या दुखऱ्या सांध्यांसच वाहावा लागतो. अमेरिकेंत ४८ लॅब्रडॉर कुत्र्यांच्या जोड्या लावून एका गटास जन्मभर पाव हिस्सा अन्न कमी दिलें. २००२ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा कीं, कमी खाणारे सुमारें १३ वर्षें व दुसरे सुमारें ११ वर्षें जगले. आणि कमी खाणाऱ्यांस सांधेदुखी पुष्कळ उशिरां लागली. बरगड्या डोळ्यांस ठळक दिसूं नयेत, पण हात फिरवितांच बोटांस लागाव्यात, हें माप घरच्या घरीं पुरें आहे.

आतां जें सांगतों तें सांगतांना लाज वाटते. एका थंडीच्या रात्रीं मोत्या कण्हतांना पाहून मीं आजीच्या गुडघेदुखीची अर्धी गोळी त्याला गुळांतून दिली. ती डायक्लोफेनॅकची होती. दुसऱ्या दिवशीं त्यास उलट्या सुरू झाल्या व शौच डांबरासारखें काळें झालें, म्हणजे पोटांत रक्तस्राव होत होता. पशुवैद्यांच्या उपचारानें तो वांचला. डायक्लोफेनॅक व आयबुप्रोफेन यांनीं कुत्र्याच्या जठरास व्रण पडतात आणि मूत्रपिंडें बिघडतात. पॅरासिटामॉल यकृतास व रक्तास बाधक होतें, आणि मांजरीस तर त्याची एक गोळीही प्राणघातक ठरूं शकते. हेंच डायक्लोफेनॅक दिलेलीं गुरें मेल्यावर त्यांचें मांस खाऊन आपल्या देशांतील गिधाडें जवळजवळ नाहींशीं झालीं, म्हणून २००६ सालीं जनावरांसाठीं त्याच्या वापरास बंदी झाली. कुत्र्यासाठीं मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन यांसारखीं औषधें आहेत. तीं पशुवैद्यानें वजन पाहून व रक्त तपासून ठरवावींत, अन्नाबरोबर द्यावींत, आणि उलटी किंवा काळें शौच दिसतांच थांबवून त्यांस कळवावें.

एक प्रश्न पालकांनीं मुलांपासून लपवूं नये. कांहीं दुखणीं शेवटीं औषधास दाद देत नाहींत. जनावर उठेनासें होतें, अन्नास तोंड लावीत नाहीं, आपल्याच घाणींत पडून राहतें. अशा वेळीं पशुवैद्य सुईनें त्यास वेदनारहित मरण देऊं शकतात. लांबच्या रस्त्यावर नेऊन सोडणें हें मात्र त्यास भुकेनें व वाहनाखालीं मारणेंच होय. निर्णय सोपा व्हावा म्हणून आम्हीं भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत रोज एक खूण करण्याची रीत ठेविली आहे: दिवस बरा गेला तर फुली, वाईट गेला तर टिंब. ज्याच्यावर मोत्या गुरगुरला होता तोच धाकटा मुलगा ही खूण करितो. गेल्या महिन्यांत त्यानें बावीस फुल्या केल्या.