इटलीची यात्रा : आधी गुरू, मग शिष्य



आपल्याकडचे बहुतेक लोक इटलीला जातात ते आयुष्यात एकदाच, आणि तेही मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत. साठवलेली पुंजी खर्च होते, रजा मोजकी असते. म्हणून जेवढे पाहता येईल तेवढे पदरात पाडून घ्यावे अशी बुद्धी होणे स्वाभाविक आहे. परिणाम असा होतो की, आठ दिवसांत नऊ गावे उरकतात आणि घरी आल्यावर कोणता घुमट कोणत्या गावचा, याबद्दल नवराबायकोत वाद होतो. पाहिले पुष्कळ, पण हाती फारसे लागले नाही, अशी ही स्थिती. ती टाळायची असेल तर इटलीत काय पाहावे यापेक्षा कोणत्या क्रमाने पाहावे, हा प्रश्न आधी सोडवला पाहिजे.

याचे कारण असे की, इटलीतील भग्नावशेष आणि इटलीतील चित्रे-शिल्पे ही दोन वेगळी प्रेक्षणीय स्थळे नव्हेत. पंधराव्या-सोळाव्या शतकांतील कलावंत या पडक्या भिंतींच्या शाळेत शिकले. फ्लॉरेन्सचा ब्रुनेलेस्की रोमला जाऊन जुन्या इमारतींची मापे घेत असे, असे त्याचा चरित्रकार सांगतो. १५०६ च्या जानेवारीत रोममधील एका द्राक्षमळ्यात लाओकूनचे शिल्प सापडले. ट्रॉय नगरीचा हा पुरोहित आणि त्याचे दोन मुलगे सर्पांच्या विळख्यात सापडले आहेत, असा तो देखावा. हे शिल्प मातीतून निघत असताना पाहायला जी माणसे धावली, त्यांत मायकेलअँजेलो होता. पुढे दोनच वर्षांनी त्याने सिस्टाइन चॅपेलचे छत रंगवायला घेतले. तेव्हा आधी गुरू पाहावा आणि मग शिष्य. याचाच अर्थ, दक्षिणेकडून उत्तरेकडे जावे : नेपल्स, रोम, फ्लॉरेन्स आणि शेवटी मिलान. विमान रोमला उतरले तरी आगगाडीने सव्वा तासात नेपल्स गाठता येते. परतीचे विमान मात्र मिलानहून घ्यावे, म्हणजे उलटा प्रवास वाचतो.

नेपल्सला दोन दिवस द्यावेत. पहिला पाँपेईचा. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हिअस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेलेले हे गाव सुमारे ६६ हेक्टरांचे असून त्याचा जवळजवळ एक तृतीयांश भाग अजून खणलेला नाही. गाड्यांच्या चाकांनी फरशीवर पाडलेल्या चाकोऱ्या, पाय भिजू न देता रस्ता ओलांडण्यासाठी ठेवलेले उंच दगड, पाव भाजण्याच्या भट्ट्या, रांजण बसवलेले खाणावळींचे ओटे हे सारे तेथे जागच्या जागी आहे. सावली फार थोडी. म्हणून सकाळी लवकर जावे, पाणी आणि टोपी विसरू नये. मात्र तेथली उत्तमोत्तम चित्रे नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात हलवलेली आहेत. दुसरा दिवस या संग्रहालयाला दिला नाही, तर रिकाम्या घराच्या भिंती पाहून परतल्यासारखे होईल. रंगीत दगडांचे बारीक तुकडे जडवून केलेले सिकंदर आणि दारयस यांच्या लढाईचे चित्र येथेच आहे.

शिवाय याच संग्रहालयाच्या संग्रहात आपले एक माणूस आहे. १९३८ मध्ये पाँपेईत वीतभर उंचीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ती भारतीय आहे यात शंका नाही. तिच्याशी साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती आपल्या जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननात मिळाली, त्यामुळे पाँपेईची मूर्तीही याच भागात घडली असावी, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. उलट बाजूने, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर पोसायडन या सागरदेवतेची काशाची मूर्ती सापडली आहे. तेव्हा हा व्यापार दोन्ही बाजूंनी चालला होता.

त्यानंतर रोम, येथे चार दिवस. आरंभ पँथिऑनपासून करावा. हेड्रियन बादशहाच्या काळात, इ. स. १२६ च्या सुमारास, बांधून झालेल्या या देवालयाच्या घुमटाचा व्यास ४३.३ मीटर आहे, आणि त्या काँक्रीटमध्ये लोखंडाची एक सळईही नाही. वर जावे तसतसा हलका दगड मिसळत नेला, आणि माथ्यावर गोल झरोका मोकळा ठेवला. सातव्या शतकात त्याचे चर्च झाले, म्हणून ते टिकले. ज्यांना असा आश्रय मिळाला नाही, त्यांची गत कलोसियममध्ये दिसते. इ. स. ८० मध्ये उघडलेल्या या रंगभूमीचे दगड शतकानुशतके लोकांनी बांधकामासाठी नेले. शेजारच्या फोरममधील संगमरवर चुन्याच्या भट्ट्यांत गेला. हे पाहून मग व्हॅटिकनच्या संग्रहालयात जावे. तेथे आधी लाओकूनसमोर उभे राहावे आणि नंतर सिस्टाइन चॅपेलच्या छताकडे मान वर करावी. पिळलेल्या देहांचे नाते सांगायला वाटाड्या लागत नाही.

फ्लॉरेन्सला तीन दिवस. १४३६ मध्ये पूर्ण झालेला तेथील घुमट ब्रुनेलेस्कीने जमिनीपासून लाकडी आधार न उभारता, आत एक आणि बाहेर एक अशा दोन कवचांत विटांनी चढवला. पँथिऑन पाहून आलेल्या माणसाला त्याचे धाडस कळते. इतरांना तो केवळ मोठा लाल घुमट वाटतो. उफित्सी संग्रहालय आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड असलेली अकादमी सोमवारी बंद असतात, हे आधीच टिपून ठेवावे.

शेवटी मिलान आणि लिओनार्दोचे ‘अखेरचे भोजन’. येथे भित्तिचित्राचे एक मर्म सांगितले पाहिजे. इटलीतील खरे भित्तिचित्र ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर काढतात. गिलावा वाळताना रंग त्यात कायमचा बसतो. म्हणून एका दिवसात जेवढे रंगवून होईल तेवढाच गिलावा रोज करावा लागे. आपल्या अजिंठ्याला वाळलेल्या गिलाव्यावर काम झाले आहे. लिओनार्दोला घाई नको होती. त्यानेही कोरड्या भिंतीवर रंग लावले, आणि थोड्याच वर्षांत ते सुटू लागले. १९४३ च्या बाँबहल्ल्यात ते दालन ढासळले, चित्राची भिंत मात्र वाचली. दीर्घ दुरुस्ती १९९९ मध्ये संपली. आता तेथे थोड्या थोड्या माणसांना पंधरा मिनिटांपुरते सोडतात आणि तिकीट पुष्कळ आधी काढावे लागते. म्हणून प्रवास जरी नेपल्सपासून करायचा असला, तरी आखणी मिलानपासून करावी. हे एक तिकीट पक्के झाले की मागे मोजत बाकीचे दिवस बसवावेत.

दिवसाकाठी एकच मोठे स्थळ ठेवावे. अनेक चर्चे दुपारी बंद असतात. तेव्हा विश्रांती घ्यावी. तेथे जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. जुलै-ऑगस्टचा उन्हाळा टाळावा. या दहा दिवसांत व्हेनिस बसत नाही; ते खुशाल सोडावे.

आणि एक काम जाण्यापूर्वीचे. एक दिवस काढून अजिंठा पुन्हा पाहून यावा. भिंतीवरचे चित्र उभे राहून, सावकाश कसे पाहावे, याची सवय तेथे लागते.