आजीच्या बोलण्याला कुठला शिक्का?

बर्गेन, नॉर्वे

इथल्या मुलींकडून एक शब्द वारंवार ऐकू येतो, 'क्रॉप्सप्रेस'. क्रॉप म्हणजे शरीर, प्रेस म्हणजे दबाव. अमुक एका मापात बसायचा जाच. मी मुंबईच्या खारदांड्यात वाढले तेव्हा जाच होताच, नाव तेवढं नव्हतं. 'काळवंडलीस', 'सुटलीस' म्हणायचे, आणि ते मुकाट्याने गिळायचं.

नॉर्वेने या दबावाविरुद्ध कायदाच केला. १ जुलै २०२२ पासून जाहिरातीतल्या माणसाचा बांधा, आकार किंवा त्वचा फोटोत बदलली असेल, तर त्यावर सरकारने ठरवून दिलेला शिक्का लागतो. पैसे घेऊन इन्स्टाग्रामवर मालाची भलामण करणारेही यातून सुटत नाहीत. आपल्याकडे २०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली'चं 'ग्लो अँड लव्हली' झालं. घराघरातली गोरेपणाची ओढ मात्र नाव बदलून जात नाही.

शिक्क्याने सगळं भागतं असं नाही. मुलीने स्वतःच्याच फोटोला लावलेला फिल्टर या कायद्यात येत नाही. फोटो खोटा आहे हे कळूनही तसं दिसावंसं वाटतंच. म्हणून मला जास्त मोलाची वाटते ती इथल्या शाळेतली आरोग्य परिचारिका. तिच्याकडे मुली आपणहून जातात, पैसे पडत नाहीत. जेवण टाळणं, आरशापासून तोंड लपवणं, रात्र रात्र जागणं, सगळं तिच्यापाशी बोलता येतं. आपल्या पालिकेच्या शाळांतही अशी एक बाई बसायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

परवा तेरा वर्षांच्या भाचीचा व्हिडिओ कॉल आला. नाक बारीक, गाल आत गेलेले, रंग दुधासारखा. मागे बांबूंवर बोंबील वाळत होते, इकडे लोफोटेनला लाकडी मांडवांवर कॉड वाळतो तसेच. ते दाखवायला तिने मान वळवली आणि क्षणभर फिल्टर सुटला. तिचा खरा चेहरा दिसला, उन्हाने रापलेला, अगदी माझ्या आईसारखा. तिने झटकन फोन खाली घेतला.

"मावशी, तू नको ना बघूस. आजी म्हणते उन्हात गेलीस तर कोण करून घेईल तुला."

मी तिला इथल्या शिक्क्याची गोष्ट सांगितली. तिने नीट ऐकून घेतली. मग म्हणाली, "मग आजीच्या बोलण्याला कुठला शिक्का?"

मला उत्तर सुचलं नाही. म्हटलं, "फोन आजीकडे दे."