बासरीला चीर का जाते?

मघाशी आपण फुंकेविषयी बोललो. आता जरा बासरीकडेच बघूया. कारण होतं काय, बासरी गळत असते आणि विद्यार्थी महिनोन्‌महिने स्वतःच्या फुंकेला दोष देत बसतो.

पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी लांब बासरी रागसंगीताच्या मैफलीत आणली, सुमारे ३२ इंचांची. त्यासाठी बांबूचं एकच लांब पेर हवं, भिंतही पातळ हवी. म्हणजे वाद्य मुळातच नाजूक. त्यात आपण आतून श्वासाची वाफ देतो. आतली बाजू ओली होऊन फुगते, बाहेरची कोरडीच राहते. एसी हॉलमध्ये किंवा उन्हात उभ्या गाडीत तर आणखी आकसते. बांबूचे तंतू उभे असतात, त्यांना आडवं बांधून ठेवणारं फारसं काही नसतं, म्हणून चीर उभी जाते. बासरीवर जागोजागी दोरा गुंडाळतात तो याचसाठी. पुष्कळांना ती सजावट वाटते! दोरा बोटाने सरकत असेल तर पुन्हा घट्ट बांधून घ्या.

तपासायचं कसं? सहाही भोकं बोटांनी झाका, खालची उघडी तोंडं दुसऱ्या कुणाला झाकायला सांगा आणि फुंकेच्या भोकातून हलकेच हवा ओढा. ओठांना ओढ जाणवली पाहिजे. हवा सहज येत राहिली तर कुठेतरी गळती आहे. मग खिडकीशी नेऊन तिरप्या उजेडात फिरवून बघा. केसाएवढी चीरही मंद्र पंचम लुळा पाडते; वरचे स्वर मात्र ठणठणीत, त्यामुळे फसायला होतं. चीर भोकाला भिडली असेल तर घरी खटपट नको, कारागिराकडेच न्या.

(श्रोत्यांतून प्रश्न : तेल रोज लावायचं का?)

नाही, नाही. रोज करायचं ते पुसणं. काठीला मऊ कापड गुंडाळून आतला ओलावा टिपायचा, लगेच पिशवीत कोंबायची नाही. तेल अधूनमधून, हवा कोरडी असेल तेव्हा. तिळाचं किंवा मोहरीचं, कापडावर थोडंसं. फुंकेच्या भोकाच्या कडेला ते साचू देऊ नका.

आणि बेसूर वाटली म्हणून लगेच कानस काढू नका. थंड बासरी उतरलेलीच बोलते. पाच-दहा मिनिटं वाजवा, मग तानपुऱ्याशी ताडून बघा. दोन सप्तकं आपसांत जुळत नसतील तर आधी बूच सरकलंय का ते पाहा. नवी बासरी घेतल्याच दिवशी खालच्या तोंडातून काडी बुचापर्यंत घालून तिच्यावर खूण करून ठेवा, म्हणजे नंतर अंदाज बांधत बसावं लागणार नाही.