लेपाच्या कानातला खडा

मुळा-पवनेच्या संगमावरच्या सांगवीत चपटा मासा दिसतो तो बाजारात. किनाऱ्यावरून आलेली लेप साफ करताना तिचं डोकं कचऱ्यात जातं. त्या डोक्यात, कानाच्या पोकळ्यांमध्ये, खड्यांच्या तीन जोड्या असतात. माशाचा तोल आणि ऐकणं त्यांच्यावर चालतं.

या खड्यांवरची वर्तुळं मोजून माशाचं वय सांगण्याची सुरुवात चपट्या माशापासूनच झाली. १८९९ साली जर्मनीत कील इथे योहानेस राइबिशने प्लेस या माशावर ते काम केलं. वर्तुळांवरून काळ कळतो, ठिकाण कळत नाही. त्यासाठी रसायनशास्त्र लागतं.

खड्याचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग कॅल्शियम कार्बोनेटचा, बहुधा अ‍ॅरागोनाइट स्वरूपातला. उरलेला मुख्यतः प्रथिनांचा. हाड झिजतं, पुन्हा घडतं. खड्यावर मात्र थर चढतच जातात, आधीचे शाबूत राहतात. कॅल्शियमच्या जागी थोडं स्ट्रॉन्शियम आणि बेरियम शिरतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ८ मिलिग्रॅम स्ट्रॉन्शियम असतं, बहुतेक नद्यांत बरंच कमी. बेरियमचं सहसा उलट. म्हणूनच युरोपातला फ्लाउंडर खाडीतून गोड्या पाण्यात कधी शिरला, हे त्याच्या खड्यातून ताडता येतं. कॅलिफोर्नियात प्रौढ हॅलिबट लहानपणी कुठल्या खाडीत वाढले, याचाही माग असाच काढला गेला.

भोसरी-चाकणच्या फाउंड्रीतही मूलद्रव्यं मोजतात: धातू ओतण्याआधी नमुन्यावर ठिणगी पाडून ‘स्पेक्ट्रो’ काढतात. तिथे सगळ्या धातूचा एकच आकडा हवा असतो. खड्याची सरासरी काढली की माहितीच पुसली जाते. म्हणून लेसरचा बारीक झोत खड्याच्या मध्यापासून कडेपर्यंत नेतात. मध्य म्हणजे जन्म, कड म्हणजे जाळं.

पण पाण्यातून खड्यापर्यंतच्या वाटेत माशाचं रक्त येतं, आणि उत्साही अभ्यासक इथेच फसतात. अ‍ॅना स्टरॉक आणि सहकाऱ्यांनी प्लेस मासे टाकीत ठेवून त्यांचं रक्त पुन्हा पुन्हा तपासलं. २०१५ च्या त्यांच्या निबंधात नर-मादी भेद आणि प्रजननाचा काळ यांचा ठसाही खड्यात उमटल्याचं दिसतं. माझ्या मते या विषयातलं हे सगळ्यात उपयोगी काम, कारण ते वाचल्यावर एका स्ट्रॉन्शियमच्या आलेखावरून कुणी स्थलांतराची गोष्ट रचणार नाही. त्यातून चपट्या माशांच्या काही जातींत डाव्या-उजव्या बाजूचे खडे सारखे नसतात; कुठला घेतला, याची नोंद हवीच.

‘पवनेचं प्रदूषण असंच वाचता येईल का?’ असं इकडे कुणीही विचारील. गोड्या पाण्यातल्या रोहू-कटल्यात सहज सापडणारा मोठा खडा व्हॅटेराइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्याच दुसऱ्या रूपाचा असतो आणि त्यात स्ट्रॉन्शियम फारसं बसत नाही. अ‍ॅरागोनाइटचा लहान ‘लॅपिलस’ काढावा लागेल. जस्त आणि तांबं यांच्यावर तर माशाचं शरीरच कडक ताबा ठेवतं. कारखान्याचं सांडपाणी शोधायचं असेल तर आधी नाल्याच्या वरचं आणि खालचं पाणी तपासावं. खड्याची पाळी त्यानंतरची.